आगुंब्याला आगुंबेच राहू द्या

मा. पर्यटन मंत्री,
कर्नाटक राज्य, बंगळुरू यांस



महाराष्ट्रातून कर्नाटकाच्या मंत्र्यांना खुलं पत्र जातंय म्हटल्यावर वाचणाऱ्यांना आधी बेळगाव आठवणार, मग अलमट्टी. या पत्रात दोन्ही नाहीत. माझी विनवणी शिवमोग्गा जिल्ह्यातल्या, तीर्थहळ्ळी तालुक्यातल्या आगुंबे या गावाबद्दल आहे. घाटमाथ्यावरचं, मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना कौलारू घरं असलेलं हे लहानसं गाव. आमच्या पिढीला ते दूरदर्शनने दाखवलं, पण दुसऱ्याच नावाने. आम्ही त्याला मालगुडी म्हणून ओळखलं आणि अजूनही त्याच नावाने शोधत जातो.

विनंती आधी सांगतो, कारणं मागाहून. आगुंब्यात मालगुडी उभारू नका. जिथे पर्यटक वाढतात तिथे आज ना उद्या विकास आराखडा पोचतो. आराखड्यापाठोपाठ कमान येते, कमानीमागून फायबरचे पुतळे येतात, मग रंगीत अक्षरांत गावाचं नाव लिहिलेली फोटोची भिंत येते. आमच्याकडच्या कित्येक घाटांवर आणि गडांच्या पायथ्याला हे सगळं पाहून झालं आहे. ते आगुंब्यात पोचायच्या आत हे पत्र पोचावं, एवढाच हेतू.

'मालगुडी डेज' ही मालिका आमच्या घरात आली ती १९८६-८७च्या सुमारास. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, एल. वैद्यनाथन यांचं संगीत आणि शीर्षकाला आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं. मास्टर मंजुनाथचा स्वामी, त्याचे करारी वडील गिरीश कर्नाड, आई वैशाली कासरवळ्ळी, आणि मिठाईवाल्याच्या कथेत अनंत नाग. मराठी घरांना यातलं कुणी परकं वाटलंच नाही, आणि त्याला कारणही होतं. कर्नाड जन्मले माथेरानला. लक्ष्मण मुंबईत बसून रोज सकाळी देशातल्या सामान्य माणसाचं चित्र काढत होते, आणि अखेरच्या काळात ते पुण्याचे झाले. शंकर नाग मूळचे होन्नावरकडचे, पण नाटकात मुरले ते मुंबईत. चाफेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा वाटा होता. त्यामुळे कन्नड गावात, कन्नड कलाकारांना घेऊन, म्हैसुरात राहणाऱ्या तमिळ घरातल्या लेखकाच्या इंग्रजी कथांवर हिंदीत काढलेली ही मालिका आम्ही बिनतक्रार आमची मानली.

आणि तिथेच घोटाळा सुरू झाला. जे आपलं मानतो ते बघायला माणूस निघतो, आणि बघायला गेल्यावर हक्क सांगू लागतो.

मालगुडी बघायला निघालेल्या माणसाला सगळ्यात आधी हे सांगायला हवं, की मालगुडी कुठेच नाही. नारायण यांना ते गाव १९३० साली सुचलं. आधी दिसलं ते एक लहानसं रेल्वे स्टेशन, मग त्याच्याभोवती गाव वाढत गेलं. १९३५ साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' पुस्तकरूपात आलं, आणि पुढची अनेक दशकं सरयू नदी, मेम्पीच्या टेकड्या, कबीर गल्ली, मार्केट रोड, अल्बर्ट मिशन शाळा हा सगळा पसारा कागदावर नांदत राहिला. नारायण यांच्या कादंबरीवर देव आनंद यांचा 'गाइड' निघाला तेव्हा त्यांनी चित्रपटवाल्यांना म्हैसूरच्या परिसरातल्या, आपल्या मनातल्या जागा हिंडून दाखवल्या होत्या. चित्रपट निघाला तो राजस्थानात. नारायण यांचा जीव त्यामुळे किती जळला, ते त्यांनी नंतर एका खोचक लेखात लिहून ठेवलं आहे. शंकर नाग यांनी मालगुडी पुन्हा कर्नाटकात आणली, हे त्यांचं मोठं काम.

पण त्यांनाही ती एका जागी सापडली नाही. आगुंब्याला रेल्वेच नाही. स्वामीच्या गावचं स्टेशन म्हणून आपण जे पाहिलं ते शिवमोग्गा–तालगुप्पा मार्गावरचं अरसाळू, आगुंब्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावरचं. काही भाग तुमकुरूजवळच्या देवरायनदुर्गात, काही बंगळुरूत चित्रित झाले. आणि पुस्तकातली मालगुडी पाहाल तर ती उन्हातली आहे. तिथे धूळ आहे, नगरपालिका आहे, छापखाना आहे, चित्रपटगृह आहे. आगुंबे हे पावसाच्या रानातलं खेडं. त्यातून शंकर नाग यांना हवा होता एक रस्ता, स्वातंत्र्याआधीचा वाटेल असा. मंगळुरी कौलं, लाकडी खांब, ओट्या, अंगणं, आणि घरात चित्रीकरणाचा तळ पडू देणारी माणसं. या शेवटच्या गोष्टीवाचून आधीच्या सगळ्या निरुपयोगी होत्या.

आता मी तिथे काय पाहिलं ते सांगतो. तीर्थहळ्ळीहून बस सुपारीच्या बागांमधून वळत वळत वर येते. बसस्टँडवर उतरून मुख्य रस्त्याला लागलं की हे कुठेतरी पाहिलंय असं वाटतं, आणि पुढच्याच पावलाला ते वाटणं मोडतं. कारण रस्ता जिवंत आहे. घरांवर डिशच्या थाळ्या आहेत, ओट्यांशी मोटारसायकली उभ्या आहेत, दुकानांत मोबाइलचं रिचार्ज मिळतं. हे असं नसावं असं मला क्षणभर वाटून गेलं, आणि असं वाटणं हाच या पर्यटनाचा मूळ रोग आहे. १९८६ साली आमच्या घरी डायलचा फोनही नव्हता. आम्ही पुढे जायचं आणि आगुंब्याने मात्र आमच्या लहानपणात थांबून राहायचं, हा करार केला कुणी?

त्याच रस्त्यावर एक गाडी येऊन थांबली. पाटी महाराष्ट्राची. त्यातून उतरलेल्या मंडळींनी फोनवर मालिकेची ती ओळखीची धून लावली आणि एका घराच्या ओट्यावर बसून आळीपाळीने फोटो काढले. ओट्याच्या टोकाला एक वयस्क गृहस्थ सुपाऱ्या निवडत बसले होते. ते चौकटीत येत होते. फोटो काढणाऱ्याने हाताने खूण करून त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. आणि ते झाले. स्वतःच्या ओट्यावरून, आपलं सूप उचलून, काही न बोलता.

मंत्रिमहोदय, त्यांना बाजूला करणारा माणूस उद्धट नव्हता. नंतर त्याने दोन्ही हात जोडून त्यांचे आभार मानले. त्याला ते गृहस्थ दिसलेच नव्हते एवढंच. त्याला स्वामी आणि त्याचे मित्र मणी, राजम यांचा रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावर हा माणूस चुकून आला होता.

'स्वामीचं घर' म्हणून जो मोठा जुना वाडा ओळखला जातो त्याचं तर विचारूच नका. आत चौक, भोवती पडव्या, पिढ्यान्‌पिढ्यांनी हात फिरवून गुळगुळीत केलेले खांब. ते कुणाचं तरी राहतं घर आहे. त्या घराने चित्रीकरणाच्या काळात माणसांना जेवू घातलं, आणि पुढेही वाटसरूला कषाय पाजण्याची, वेळप्रसंगी मुक्कामाला जागा देण्याची रीत सोडली नाही. मोबदल्याचा आकडाही सांगायचा नाही, जो तो आपल्या मनाने देईल ते. आतिथ्याची ही रीत मालिकेहून जुनी आहे आणि मालिकेहून मोठी आहे. पण विचार करा, एका आख्ख्या कल्पित शहराचं ओझं एका घरावर येऊन पडलं आहे. कारण येणाऱ्याला पत्ता ठाऊक आहे तो तेवढाच. शाळा सापडत नाही, नदी सापडत नाही, स्टेशन तर गावातच नाही. मग सगळे त्या दाराशी. दुपारी वामकुक्षीच्या वेळी, घरात सोयर-सुतक असताना, कुणी आजारी असताना. दार वाजतं आणि बाहेरून कुणीतरी विचारतं, आत येऊन बघू का?

नारायण यांची एक गोष्ट आहे, मालिकेतही ती होती. जत्रेतल्या सोडतीत एका माणसाला रस्त्यावर फिरवायचं रोलरचं इंजिन बक्षीस लागतं. सगळा गाव त्याचं अभिनंदन करतो. मग कळतं, की हे इंजिन चालवता येत नाही, विकता येत नाही, घरी नेता येत नाही, आणि ते जिथे उभं आहे त्या जागेचं भाडं नगरपालिका बक्षीस मिळालेल्याकडूनच मागते आहे. पुढे देवळाचा हत्ती आणि मजूर लावून ते ओढायला जातात तेव्हा दुसऱ्याची भिंत पडते. आगुंब्याला लागलेलं बक्षीस मला याच जातीचं वाटतं. प्रसिद्धी मिळाली खरी. पण तिच्या गाड्या कुठे उभ्या करायच्या, तिचा कचरा कुणी उचलायचा, तिला पिण्याचं पाणी आणि शौचालय कुणी द्यायचं, याचं भाडं गाव भरतं आहे. आणि मिळकत? ती घाट उतरून उडुपीच्या हॉटेलात जाते, नाहीतर शृंगेरीच्या. कारण मालगुडी बघायला अर्धा तास पुरतो.

खुद्द आगुंबे बघायला मात्र तेवढा वेळ पुरायचा नाही. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या महाबळेश्वर, आंबोली यांच्या बरोबरीने किंवा वर नाव घ्यावं असा. पावसाळ्यातल्या आगुंब्यात उभं राहिल्यावर कळतं, की ओटीवरचं छप्पर इतकं खाली का उतरवलं आहे, सरपण कुठे आणि किती रचून ठेवावं लागतं, शेवाळ कौलांवर किती वेगाने चढतं. गावाला लागून असलेलं राखीव जंगल युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा ठरवलेल्या पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी आहे. खाली सोमेश्वरचं अभयारण्य. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली इथे वर्षावनाच्या अभ्यासाचं केंद्र उभारलं ते नागराजासाठी. अंडी घालण्यासाठी पाचोळ्याचं घरटं रचणारा हा जगातला एकमेव साप. पश्चिम घाटातला नागराज ही स्वतंत्र जात असल्याचं २०२४ साली संशोधकांनी मांडलं, आणि तिच्या शास्त्रीय नावात कन्नड लोकांच्या तोंडचा 'काळिंग' घातला. घरात किंवा अंगणात नागराज निघाला तर त्याला न मारता जाणकारांना बोलावणारी माणसं या भागात आहेत. हे एवढं एकच कुतूहल घेऊन आलेला माणूस आगुंब्यात दोन दिवस राहील, गावात जेवेल, गावातल्या पोराला वाटाड्या म्हणून नेईल.

तरीही आपलं खातं सोपा मार्ग धरेल अशी मला भीती आहे. 'मालगुडी' हा शब्द विकायला सोपा. मंगळुरी कौल आणि काळिंग विकायला अवघड.

परदेशात हे प्रयोग होऊन गेले आहेत. वेल्समधलं पोर्टमेरियन 'द प्रिझनर' या १९६७च्या मालिकेमुळे जगभर गाजलं. तिकीट काढून आत जायचं, आत दुकानं, उपाहारगृहं, राहायला कॉटेजेस. ते तिथे शोभतं, कारण क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकाराने १९२५पासून ते गाव उभारलंच होतं लोकांनी येऊन पाहावं म्हणून. त्याउलट यॉर्कशरमधलं गोथलंड हे मेंढरांचं, शेतकऱ्यांचं जुनं गाव. 'हार्टबीट' ही मालिका तिथे १९९२पासून २०१०पर्यंत चालली, तिच्यात गावाचं नाव होतं एडन्सफील्ड. मालिका बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रवासी तिथे एडन्सफील्डच शोधत येतात. आगुंबे पोर्टमेरियनसारखं नाही, ते गोथलंडच्या वाटेवरचं गाव आहे. बघण्यासाठी बांधलेल्या जागेला तिकीट लावा. राहण्यासाठी बांधलेल्या जागेला लावू नये.

आणि बघण्याची जागा आपल्याकडे आधीच तयार आहे. अरसाळूचं जुनं स्टेशन वापराबाहेर गेलं होतं. दक्षिण पश्चिम रेल्वेने २०२० साली त्या इमारतीची डागडुजी करून तिथे मालगुडी संग्रहालय केलं. काम सोपवलं जॉन देवराज यांच्याकडे, म्हणजे मूळ मालिकेच्या कलादिग्दर्शनात ज्यांचा हात होता त्यांच्याकडेच. ही मला फार शहाणपणाची गोष्ट वाटते. स्टेशन ही मुळातच येणाऱ्याजाणाऱ्यांची जागा. तिथे फोटो काढताना कुणाला ओट्यावरून उठावं लागत नाही. नारायण यांनाही मालगुडी प्रथम दिसली ती स्टेशनाच्याच रूपात. तेव्हा मालगुडीचं जे काय प्रदर्शन मांडायचं असेल ते अरसाळूत मांडावं. शेजारीच, तीर्थहळ्ळी तालुक्यात, कुप्पळ्ळीला कन्नड कवी कुवेंपूंचं घर आपल्या राज्याने किती नेटकं जपलं आहे, हे वेगळं सांगायला नको. घराचं स्मारक करायचं तर ते तसं करावं. राहत्या घराचं स्मारक होत नसतं.

नावं बदलण्याचा आणि पुतळे बसवण्याचा मोह झालाच, तर मंत्रिमहोदय, कृपा करून नारायण यांचीच 'लॉली रोड' ही गोष्ट मागवून वाचा. स्वातंत्र्य मिळतं आणि मालगुडीची नगरपालिका देशप्रेमाच्या भरात रस्त्यांची, बागांची नावं बदलत सुटते. पत्रं भलतीकडे जाऊ लागतात, माणसांना आपापले पत्ते सापडेनासे होतात. सर फ्रेडरिक लॉली या इंग्रजाचा पुतळा काढायचं ठरतं. तो उचलायला परवडत नाही, म्हणून एका बातमीदाराला फुकट देऊन टाकतात. तो पुतळा अर्धा त्याच्या घरात आणि अर्धा गल्लीत आडवा पडून राहतो. मग शोध लागतो, की हा तो जुलमी लॉली नव्हेच, हा गावासाठी जीव देणारा निघाला. अखेर अध्यक्षांना पदरमोड करून ते घर पुतळ्यासकट विकत घ्यावं लागतं आणि कबीर गल्लीचा लॉली रोड होतो. ज्या लेखकाने पाट्या आणि पुतळ्यांवर हे लिहिलं, त्याच्याच नावाने पाट्या आणि पुतळे उभारणं म्हणजे त्याच्या गोष्टीत आपणहून पात्र होणं आहे. अध्यक्षांचं पात्र कुणाच्या वाट्याला येईल हे आपल्याला कळतंच.

आता नुसतं नको-नको म्हणून भागत नाही. गावाला पर्यटनाचे पैसे हवे असतील, आणि ते हवे असण्यात काही गैर नाही. गाव गरीब राहून सुंदर दिसावं ही इच्छा फक्त गाडीतून येऊन गाडीतून परत जाणाऱ्याला परवडते. म्हणून काही सूचना करतो.

पहिली कौलांची. आगुंब्याचा रस्ता टिकला तो वारसा म्हणून कुणी जाहीर केला म्हणून नव्हे, तर दरवर्षी पावसाआधी माणसं कौलांवर चढली म्हणून. इतक्या पावसात कौलारू घर राखणं खर्चाचं काम आहे. कौलं परतावी लागतात, वासे बदलावे लागतात, सुतार मिळावा लागतो. ज्याला हे झेपत नाही तो पत्रा घालतो किंवा स्लॅब टाकतो, आणि त्याला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घराला, ते पडद्यावर दिसलं असो वा नसो, छप्पर आणि लाकूडकामाच्या देखभालीसाठी दरवर्षी अनुदान द्या. प्रवासी जे बघायला येतो त्याचा खर्च राज्याने उचलावा, हा साधा व्यवहार आहे.

दुसरी घरांची. घरमालकाच्या लेखी संमतीवाचून कोणतंही राहतं घर खात्याच्या पुस्तिकेत, नकाशात, फलकावर 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून छापू नये. संमती दिलेली असली तरी ती मागे घेण्याची मुभा असावी. घरात माणसं बदलतात, वयं होतात.

तिसरी गाड्यांची. मुख्य रस्त्यावर वाहनतळ नको. गावाबाहेर जागा करा, तिथून चालत यायला लावा. चालत आलेला माणूस हळू बघतो, हळू बोलतो, आणि चहा प्यायला थांबतो. घाटाची १४ वळणं आणि पावसाळ्यातल्या दरडी लक्षात घेता मोठ्या बसगाड्यांचा विचारही कुणी करू नये.

चौथी स्वच्छतागृहाची. बारा महिने पाणी असलेलं, कुलूप नसलेलं, आणि ज्याच्या सफाईचा पगार ग्रामपंचायतीच्या डोक्यावर नाही असं. हे वाचून कुणी हसेल. पण वाड्याच्या दारावरची निम्मी टकटक यानेच थांबेल असा माझा अंदाज आहे.

पाचवी वाटाड्यांची. गावातल्या तरुण मुलामुलींना शिकवून तयार करा. त्यांनी मालिकेच्या जागा जरूर दाखवाव्यात, पण पाऊस, सुपारी, जंगल आणि साप यांच्या ओघात. दर गावाने ठरवावा आणि पैसे गावात राहावेत.

सहावी सगळ्यात निकडीची, कारण तिला मुदत आहे. शंकर नाग १९९० साली अपघातात गेले, वयाच्या अवघ्या ३५व्या वर्षी. नारायण २००१ साली गेले, लक्ष्मण २०१५ साली, कर्नाड २०१९ साली. मालिका करणाऱ्यांच्या आठवणी छापून आल्या, मुलाखती झाल्या. ज्यांनी ती होऊ दिली त्यांच्या आठवणी कुणी लिहून घ्यायच्या? गर्दीच्या दृश्यात शाळकरी पोर म्हणून उभी राहिलेली मुलं आज पन्नाशीला टेकली आहेत. ज्यांनी स्वयंपाक केले, ओट्या सारवून दिल्या, मध्येच आलेल्या पावसाने खोळंबलेल्या मंडळींना घरात घेतलं, ती माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी कन्नडमध्ये, त्यांच्या आवाजात नोंदवून घ्या आणि गावच्या शाळेत ठेवा. ज्या दिवशी येणाऱ्याला 'स्वामी इथे बसला होता' याऐवजी 'ज्या दिवशी स्वामी इथे बसला, त्या दिवशी आमच्या आजीने काय केलं' हे ऐकायला मिळेल, त्या दिवशी चौकटीतून बाजूला व्हायची पाळी आगुंबेकरावर येणार नाही. तो चौकटीच्या मधोमध असेल.

आणि या सगळ्यावर शेवटचा शब्द ग्रामसभेचा असावा. माझा नको, आपला नको. गावाने मला खोटं ठरवून कमान हवीच म्हटलं, तर मी गप्प बसेन. फक्त तो निर्णय बंगळुरूच्या सल्लागाराने न घेता, कौलांवर चढणाऱ्या माणसांनी घेतलेला असावा.

हे पत्र मराठीत लिहिण्याचं कारण उघड आहे. ते आपल्याइतकंच आमच्या मंडळींनीही वाचावं असं मला वाटतं. आमच्याकडे वाईजवळचं मेणवली 'स्वदेस' या चित्रपटामुळे चरणपूर म्हणून पाहिलं जातं, तेव्हा दुसऱ्याच्या कथेतलं नाव आपल्या घाटावर चिकटल्यावर काय होतं ते आम्हाला कळायला हरकत नसावी. तेव्हा आगुंब्याला निघालेल्या माझ्या भावाबहिणींनो, मालिका घरून पाहून निघा. तिथे गेल्यावर फोनवरची धून बंद ठेवा. दार बंद दिसलं तर ते बंद आहे असं समजा. ओट्यावर कुणी बसलेलं असेल तर आधी नमस्कार करा, आणि फोटो हवाच असेल तर त्यांच्यासह काढू का, असं विचारा. मुक्कामाला राहा, गावात जेवा. आणि मालगुडीचं स्टेशन बघायची हौस असेल तर वाकडी वाट करून अरसाळूला जा. ते स्टेशन तुमची वाट बघतच उभं आहे.

मंत्रिमहोदय, यातलं सगळं एकदम होणार नाही हे मला कळतं. निधीची तंगी कुठल्या राज्याला चुकली आहे? म्हणून क्रमही सांगून ठेवतो. आधी कौलं, मग स्वच्छतागृह, मग म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. एवढं करून पुतळ्यासाठी पैसे उरलेच, तर ते पुन्हा कौलांकडे वळवावेत. पुढच्या वर्षीही पाऊस पडणारच आहे.



आपला,
महाराष्ट्रातला एक जुना प्रेक्षक